कापणीच्या सणाला मी ‘रुजू’ झालो, त्याचा खुलासा

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

तीर्थस्वरूप सौ. कालिंदीअक्कास,

केशवचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळं हल्ली साष्टांग कागदावरच जमतो, तरी पूर्ण आठ अंगांचा समजावा.) तुझी शुगर आवाक्यात असेल, आप्पासाहेबांचा खोकला घाटातल्या थंडीनं वाढला नसेल आणि ऊस वेळेवर तोडला गेला असेल, अशी आशा करतो. मी बरा आहे. नीरजा अजून पुण्यालाच आहे. हिमांशूची छकुली आता दोन महिन्यांची झाली असून ती आजोबांसारखी दिसते, असं सगळे म्हणतात आणि म्हणताना सुनेकडं सहानुभूतीनं बघतात. घरात मी एकटाच असल्यामुळं खिचडी, पोहे आणि पुन्हा खिचडी असा क्रम चालू आहे.

आता मुद्द्यावर येतो. रविवारी दुपारी तुझा फोन आला. खुशाली न विचारता तू एवढंच म्हणालीस, “केशव, आता आईचं श्राद्ध कोण करणार?” आणि मी “अगं अक्का” म्हणेपर्यंत फोन ठेवून दिलास. त्यानंतर मी फोन करतोय तर दर वेळी आप्पासाहेब उचलतात आणि ‘ती देवापुढं बसली आहे’ म्हणतात. रविवार दुपार ते मंगळवार सकाळ एवढा वेळ देवापुढं कोणी बसत नाही, अक्का. देवालाही उठावंसं वाटत असेल. म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला खुलासा लेखीच सुचतो.

तुला ही बातमी बद्रीनाथनं दिली, हे मला माहीत आहे. तुझ्या शेजारचा हा भला माणूस ट्रॅक्टरचा कुठलासा पार्ट घ्यायला इकडं आला होता आणि पडेगावच्या रस्त्यानं मोटरसायकलवरून जाताना त्यानं मला एका चर्चच्या फाटकात पाहिलं. माझा हात पाळकसाहेबांच्या दोन्ही हातांत होता आणि माझ्या अंगावर कोट होता. एवढ्यावरून त्यानं कन्नडला पोचेपर्यंत माझं धर्मांतर पूर्ण केलं. (त्यानं फाटकापाशी आणखी थोडा वेळ थांबून पाहिलं असतं, तर त्यानं तुला वेगळंच काही आधी सांगितलं असतं. ते पुढं येईलच.) तेव्हा काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. वाचून तुला राग आला तर तो योग्य गोष्टीचा यावा, एवढीच इच्छा.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर तेवीस वर्षं कारभारी त्रिभुवन बसायचा. तू त्याला पाहिलं आहेस. आईच्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताची गरज पडली आणि आपल्या घरातले आम्ही तिघं धडधाकट पुरुष एकमेकांकडं बघत उभे होतो, तेव्हा बाही वर करून आत गेला होता, तो उंच माणूस. स्वभावानं अबोल. फाइल द्यायची तर पुढ्यात ठेवून एक बोट तिच्यावर टेकवायचा, बस्स. त्याच्या चर्चमध्ये (ते लोक ‘मंडळी’ म्हणतात) दर वर्षी दिवाळीनंतर कापणीचा सण असतो. शेतात जे पिकलं ते लोक देवापुढं आणून ठेवतात आणि मग सगळे मिळून जेवतात. त्याचं बोलावणं मला दर वर्षी यायचं. आणि मी दर वर्षी जात नव्हतो.

का जात नव्हतो, याला काही थोर कारण नव्हतं. गेलो तर तिथं काय करायचं, काय खायचं, कुणी काही प्यायला दिलं तर काय म्हणायचं, याची भीती वाटायची, एवढंच. पण असं कोण सांगतो? म्हणून मी कारणं सांगायचो. गुडघा सांगितला, पाहुणे सांगितले, नळाला पाणी येण्याची वेळ सांगितली. नीरजाच्या आईचं श्राद्ध मी तीन वेगवेगळ्या वर्षी सांगितलं, त्यांतली पहिली दोन वर्षं ती माउली हयात होती. त्रिभुवन दर वेळी मान हलवायचा आणि म्हणायचा, “असू द्या केशवराव, पुढच्या वर्षी.” रिटायर झाल्यावरही त्याचा फोन चुकला नाही.

यंदा फोन आला नाही.

तुला सांगतो, अक्का, अठ्ठावीस बोलावणी मला जेवढी जड गेली नव्हती, तेवढं हे न आलेलं बोलावणं जड गेलं. शुक्रवारी मी फोनला चार्जिंग आहे ना ते पाहिलं. शनिवारी रेंज आहे ना ते पाहिलं. शनिवारी संध्याकाळी मला चक्क राग आला. हा समजतो काय स्वतःला? मी येणार नाही हे यानं परस्पर कसं ठरवलं? (हे वाक्य मी खिचडी ढवळत मोठ्यानं म्हणालो. खिचडी लागली.) आणि त्या रागात मी ठरवलं की न बोलावता जायचं.

ठरवल्यावर पंचाईत सुरू झाली. चर्चबद्दल मला जी माहिती होती ती सगळी हिंदी सिनेमातली. म्हणजे उंच छत, रंगीत काचा, मेणबत्त्या, लाकडी कपाटात तोंड घालून पापांची कबुली आणि कोपऱ्यात नवरी ऐनवेळी लग्नाला नाही म्हणते. म्हणून मी फोनवर शोधलं, तेव्हा परदेशातल्या कुणा सद्गृहस्थानं पहिल्यांदा चर्चला जाणाऱ्यांसाठी लिहिलेला लेख मिळाला. मी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि मुद्दे वहीत उतरवले. दहा मिनिटं आधी पोचावं. महत्त्वाच्या बैठकीला जावं तसे कपडे घालावेत. मागच्या बाजूला बसावं. आणि कधी उठायचं, कधी बसायचं हे कळलं नाही तर पुढचा माणूस करील तसं करावं. या शेवटच्या सल्ल्यानं माझा घात केला.

महत्त्वाची बैठक म्हणून मी हिमांशूच्या लग्नातला कोट काढला. कोट लग्नानंतर तसाच होता, मी तसाच राहिलो नव्हतो. बटण लावायचं तर श्वास सोडावा लागत होता आणि श्वास घ्यायचा तर बटण. बुटांना पॉलिश केलं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून एक नारळ घेतला, मग नारळ चालतो का ही शंका आली म्हणून तो रिक्षात सीटखाली ठेवला, आणि तिथंच विसरलो.

नवाची उपासना असं फलकावर होतं. मी आठ पन्नासला पोचलो. उंच छत नव्हतं. रंगीत काचा नव्हत्या. आपल्या गावाकडच्या शाळेसारखी पत्र्याची, पिवळ्या रंगाची लांबट इमारत, पुढं कडुनिंब आणि दाराबाहेर चपला काढायची जागा. चपला! अक्का, मी त्या लेखावर विसंबून बुटांना पाऊण तास पॉलिश केलं होतं आणि मोज्यांकडं पाहिलंही नव्हतं. उजव्या पायाचा अंगठा पूर्ण बाहेर होता. आत फक्त एक बाई होती, ती झाडून झाल्यावर दाराला ज्वारीच्या कणसांचं तोरण बांधत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोटापाशी थोडी थांबली, अंगठ्यापाशी जरा जास्त थांबली आणि म्हणाली, “उंच आहात, तेवढं हे टोक धरा.” मी स्टुलावर चढून दहा मिनिटं ज्वारी धरून उभा राहिलो. चर्चमधली माझी पहिली दहा मिनिटं ही अशी गेली आणि खरं सांगायचं तर सबंध सकाळभरात मला कळलेलं काम तेवढंच होतं.

हळूहळू लोक जमले. सगळे साध्या शर्टात. बाया काठपदराच्या साड्यांत, डोक्यावर पदर घेतलेल्या. येणारा जाणारा मला “सलाम” म्हणत होता. मी पहिल्यांदा मागं वळून पाहिलं, कुणी मुसलमान गृहस्थ उभे आहेत की काय म्हणून. मग कळलं, त्यांच्यात रामराम म्हणावा तसं सलाम म्हणतात. पुढं वेदीपाशी भोपळे, मक्याची कणसं, तुरीच्या शेंगा, केळीचा घड, ज्वारीच्या पेंढ्या असा ढीग रचला होता आणि त्यात कुठंतरी काहीतरी कुरकुरत होतं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. पियानोच्या जागी पेटी आणि तबला. पेटीवर कोण बसलं असेल? आमचा त्रिभुवन. डोळे मिटून सूर धरून होता, त्यामुळं त्यानं मला पाहिलं नाही आणि मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो.

माझ्या पुढं एक जाडजूड, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ होते. मी मनोमन स्वतःला त्यांच्या स्वाधीन केलं. ते उठले की मी उठायचो, ते बसले की मी बसायचो, त्यांनी मान खाली घातली की मी घालायचो. छान चाललं होतं. गाणी तर इतकी ओळखीच्या चालीची होती की माझ्या मोज्याबाहेरच्या अंगठ्यानं ताल धरला. आणि तेवढ्यात, पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत असताना, ते गृहस्थ उठले आणि बाजूच्या दारानं बाहेर निघाले.

मी एक क्षण विचार केला. (तिथंच चुकलो. विचार केला नसता तर बसून राहिलो असतो.) मला वाटलं, हा विधीचा भाग असणार, एकेका ओळीनं बाहेर जाऊन प्रदक्षिणा वगैरे असणार. मी हात जोडून त्यांच्या मागं निघालो. ते इमारतीला वळसा घालून मागं गेले, मीही गेलो. ते एका छोट्या खोलीपाशी थांबले, मीही थांबलो. त्यांनी दार उघडून आत हात घातला, मी डोळे मिटले. खट् असा आवाज झाला. डोळे उघडून पाहिलं तर ते बोअरच्या मोटारीचा स्टार्टर बंद करत होते. टाकी भरून वाहायला लागली होती.

“काही पाहिजे का?” त्यांनी विचारलं.

“नाही, नाही,” मी हात जोडूनच म्हणालो, “तुमचं होऊ द्या.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, स्टार्टरकडं पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, “झालं. चला.” आम्ही दोघं एकापाठोपाठ परत आत आलो. तोपर्यंत प्रार्थना संपली होती आणि सगळ्यांचे डोळे उघडे होते. त्रिभुवननं मला पाहिलं ते तेव्हा. कोटात, अंगठा बाहेर, हात जोडलेले आणि मोटार बंद करून येतोय. पेटीचा सूर मध्येच तुटला. अठ्ठावीस वर्षांत मी त्या माणसाच्या हातून एकही चूक झालेली पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की मला पाणी प्यावं लागतं. मखमली थैली घेऊन एक काका ओळीतून फिरत आले. मला वाटलं प्रसाद. मी उजव्या हाताचा तळवा पुढं करून, खाली डावा हात लावून, मान झुकवून थांबलो. काकाही थांबले. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांची वाट पाहत होतो. शेवटी शेजारच्यानं कानात सांगितलं की यात टाकायचं असतं, काढायचं नसतं. मग पाळकसाहेबांनी विचारलं, आज आपल्यात कुणी नवीन पाहुणे आहेत का, त्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी. सबंध मंडळी मागं वळली. पाहुणा कोण हे विचारायची गरज नव्हती, कोट एकच होता. माइक माझ्या हातात आला. अक्का, ऑफिसच्या माणसाला माइक दिला की त्याच्या तोंडातून एकाच प्रकारचं मराठी येतं. मी म्हणालो, “मी केशव दत्तात्रय कुलकर्णी, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, आज रोजी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी आपल्या मंडळीत रुजू झालो आहे.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रे वाजले. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पाळकसाहेब वेदीवरून खाली आले आणि त्यांनी माझे हात हातात घेतले. मला वाटलं, किती हा पाहुणचार! ‘रुजू झालो’चा त्यांनी काय अर्थ घेतला हे मला उपासना संपल्यावर कळलं. तेव्हा मी पाळकसाहेबांना गाठून फाटकापाशी खुलासा केला की मी केवळ भेट देण्यास हजर झालो आहे, कायम नव्हे. ते पोट धरून हसले आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, “तात्पुरते राहा, तरी आनंद आहे.” बद्रीनाथनं पाहिलं ते नेमकं हे. म्हणजे ज्या क्षणी मी ख्रिस्ती नसल्याचं सांगत होतो त्याच क्षणावरून त्यानं मला ख्रिस्ती केलं.

त्यानंतर कडुनिंबाखाली लिलाव होता. देवापुढं ठेवलेला माल बोली लावून विकतात आणि ते पैसे मंडळीच्या कामाला जातात. लिलाव पुकारायला उभा होता कचरू. आपला ऑफिसचा शिपाई कचरू! कपाळाला गंध लावून, गळ्यात तुळशीची माळ घालून भोपळे विकत होता. मी थक्क झालो. म्हणजे मी ज्या ठिकाणी जायला अठ्ठावीस वर्षं घाबरत होतो, तिथं हा दर वर्षी येऊन, जेवून, लिलाव पुकारून, संध्याकाळी घरी जाऊन हरिपाठ करत होता. आणि त्याच्या कुणा अक्काला कुणी फोन केला नव्हता.

त्रिभुवन गर्दीच्या पलीकडं उभा होता. मी त्याला खूण करायला हात वर केला. “कुलकर्णीसायबांचे तीनशे!” कचरू ओरडला. मी हात हलवून नाही म्हणालो. “साडेतीनशे! सोडीनात सायब!” मी दोन्ही हात हलवले. मग मंडळींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी माझ्या काखेत एक जिवंत, तांबडा, तुरेवाला कोंबडा दिला. (सकाळी ढिगात कुरकुरत होता तो हाच. आणि बद्रीनाथ थोडा थांबला असता तर त्यानं तुला आधी हा कोंबडा सांगितला असता.)

असा मी, कोटात, कोंबड्यासह, त्रिभुवनसमोर जाऊन उभा राहिलो. शेजारी त्याची बायको होती, रूथवहिनी. मला जे विचारायचं होतं ते मी शनिवारपासून पाठ केलं होतं, पण कोंबड्यासह ते बाणेदार वाटेना. तरी विचारलं, “यंदा बोलावलं नाहीत, त्रिभुवन?”

तो म्हणाला, “दर वर्षी तुम्हाला नवीन कारण शोधावं लागतं, केशवराव. वय झालं आता. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा.”

यावर कोंबडाच काहीतरी बोलला. आणि नेमका त्याच वेळी कचरू लिलाव आटोपून तिथं आला. मला भेटून त्याला मनापासून आनंद झाला होता, हा त्याचा दोष नाही. तो वहिनींना म्हणाला, “लई मोठ्या मनाचा माणूस बघा ह्यो. बावीस वर्सं नाताळाचा केक आला की आखाच्या आखा डबा मला द्यायचे. स्वतः एक तुकडा खाल्ला नाय. लेकरं वाट बघायची माझी!”

आता तुला केकचं सांगतो. तुला थोडंफार माहीत आहेच. नोकरीत असताना दर नाताळाला वहिनींच्या हातचा केक डब्यातून आमच्या घरी यायचा. त्यात अंडं असणार, म्हणून तो खायचा नाही असं ठरलं आणि मी तो दुसऱ्या दिवशी पिशवीत लपवून नेऊन कचरूला द्यायचो. हे एवढंच असतं तर मान खाली घालून निभावलं असतं. पण मी त्यावर थांबत नव्हतो. डबा परत करताना मी त्रिभुवनच्या टेबलापाशी उभा राहून केकचं वर्णन करायचो. कसा मऊसूत होता, तोंडात कसा विरघळला, नीरजानं कृती विचारली आहे, हिमांशूनं शेवटच्या तुकड्यासाठी कसं भांडण केलं. दर वर्षी नवीन वर्णन. एका वर्षी मी ‘यंदा मनुके जरा कमी वाटले’ असंही म्हणालो होतो, खरं वाटावं म्हणून. बावीस वर्षं तो माणूस खुर्चीवर बसून हे सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “घरी सांगतो.”

कचरूचं बोलणं ऐकून मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी कोंबड्यासकट आत जावं. पण वहिनी हसायला लागल्या. म्हणाल्या, “भावजी, मला तर पहिल्याच वर्षी कळलं. कचरूभाऊच घरी आले सांगायला की केक झकास होता, पण पाच लेकरांना पुरत नाही. म्हणून तर दुसऱ्या वर्षापासून मोठा डबा धाडायला लागले.”

खरंच गं. डबा मोठा झाला होता. मला वाटायचं, माझ्या स्तुतीनं झाला.

“आणि मी दर वर्षी जे सांगायचो ते?” मी त्रिभुवनला विचारलं.

“ते मी घरी येऊन हिला सांगायचो,” तो म्हणाला. “जसंच्या तसं. तुमच्या आवाजात. मनुक्यांचं तर आम्ही अजून काढतो. लई हसायचो आम्ही.” आणि हे म्हणताना तो खरंच हसत होता. मग त्याचं हसू थांबलं. त्यानं माझ्या काखेतल्या कोंबड्याचा तुरा उगीचच नीट केला आणि खाली बघत म्हणाला, “पहिल्या वर्षी नाही हसलो.”

अक्का, मला आयुष्यात बरेच मेमो मिळाले. एवढा छोटा कधी मिळाला नव्हता. ज्याचं रक्त आपल्या आईला चाललं त्याचा केक मला चालला नव्हता, आणि तो खाल्ला नाही एवढं सांगायचीही माझ्यात धमक नव्हती. यावर माणसानं जे बोलायला पाहिजे ते मी बोललो, असं समज.

मग पंगत बसली. लोकांना मटण होतं. माझ्यासाठी वहिनींनी वेगळं वरण, भात, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी आणून वाढली. मी न बोलावता आलो होतो, मग हे कधी केलं, असं विचारलं तर म्हणाल्या, “शाकाहारी एक ताट दर वर्षी करतेच. आले तर असावं म्हणून.” मी तीन भाकरी खाल्ल्या. मधे एकदा ठसका लागला, तो मिरचीचा होता असं मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. कचरू, मी आणि त्रिभुवन असे एका ओळीत बसलो होतो आणि कोंबडा कडुनिंबाला बांधला होता.

तर असा हा प्रकार आहे. चर्चला पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगीन की चांगले मोजे घालावेत आणि हात खाली ठेवावेत. आप्पासाहेबांना नमस्कार सांग. तू देवापुढून उठलीस की फोन कर.

तुझा धाकटा (आणि अजून होता त्याच धर्माचा) भाऊ,
केशव

ता. क. आईचं श्राद्ध नेहमीप्रमाणं मीच करणार आहे. गुरुजींना सांगून ठेवलं आहे. यंदा त्या दिवशी त्रिभुवनला जेवायला बोलावणार आहे. आईच्या अंगात त्याची एक बाटली होती, तेव्हा तिची हरकत नसावी.

ता. क. २. कोंबडा सध्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे. तो सूर्योदयाच्या बराच आधी उठतो आणि सोसायटीला उठवतो. सेक्रेटरींची लेखी तक्रार आली असून तिला मी लेखी उत्तर दिलं आहे, पण त्यानं कोंबडा गप्प बसेना. बुधवारी आमच्या खालच्या मजल्यावरचा अतुल त्याची जीप घेऊन कन्नडला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि टोपलीत कोंबडा पाठवतो. शेतावर मोकळा सोड. आप्पासाहेबांनी त्याच्याकडं कुठल्याही वेगळ्या दृष्टीनं पाहू नये.

ता. क. ३. हे खरं पहिल्याच पानावर लिहायचं होतं, पण हात धजला नाही. त्रिभुवन ‘पहिल्या वर्षी नाही हसलो’ म्हणाला, तेव्हा माणसानं जे बोलायला पाहिजे ते मी बोललो, असं वर लिहिलं आहे. तसं मी बोललो नाही. मी म्हणालो, “माझं काही नव्हतं हो, त्या वर्षी आमची अक्का आली होती, तिनं नको म्हटलं.” हो, तुझं नाव सांगितलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, काखेत कोंबडा, आणि मोठ्या बहिणीचं नाव सांगितलं. त्यावर रूथवहिनी एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “असं होय. मग यंदा नाताळाला अक्कांनाच घेऊन या. त्यांच्यासाठी बिनअंड्याचा करते.” मी घाबरून हो म्हणून बसलो आहे. तेव्हा २४ तारखेच्या संध्याकाळच्या एसटीनं ये, मी स्टँडवर न्यायला येतो.

तुला आठवत असेल, नसेल, पण मला पक्कं आठवतं. त्या वर्षी डबा उघडल्यावर तू फक्त “अंडं आहे का रे यात?” एवढं विचारलं होतंस, आणि मी उत्तर द्यायच्या आत एक तुकडा घ्यायला हात पुढं केला होतास. झाकण मी लावलं. तू आलीस तर हे मी त्यांच्यासमोर सांगीन. नाही आलीस तर सगळा दोष तुझ्याच नावावर राहील, कारण तू शेजारी असल्याशिवाय मला ते सांगायचं धैर्य होणार नाही.